गेनबाचं पाणी

कापूरहोळच्या फाट्यावर उतरून कुणाला विचारलं, "इथं दातांचा डॉक्टर कुठं बसतो?" तर समोरचा माणूस आधी तुम्हालाच विचारतो, "माणसाच्या दातांचा का पोकलेनच्या?" माणसाच्या दातांचा पाहिजे असेल तर तो तुम्हाला नसरापूरच्या जीपमध्ये बसवून देतो. पोकलेनच्या दातांचा मात्र इथंच आहे. भोरच्या रस्त्याला लागायचं, चार दुकानं सोडायची, की डाव्या अंगाला पत्र्याची शेड. पुढं चिंचेचं झाड, झाडाखाली लोखंडी तिकाटणं, त्याला टांगलेली वजन उचलायची चेनकुप्पी, आणि तिच्याखाली जबडा वासून पडलेली पोकलेनची एखादी बकेट. शेडवर 'भैरवनाथ वेल्डिंग वर्क्स' अशी पाटी आहे, पण ती वाचायची गरज आजवर कुणाला पडली नाही. सगळे म्हणतात चिमाजी मिस्त्रीचं दुकान.

चिमाजीचं वय सत्तावन्न. अंगानं काटक, बोलायला कंजूष. दारू नाही, तंबाखू नाही, राजकारण नाही. माणसाला एखादं तरी व्यसन असावं म्हणून देवानं त्याला एक अभिमान दिला होता. आपलं काम माघारी येत नाही, हा तो अभिमान. एकदा दुकानातून गेलेला जोड तीस वर्षांत कधी सुटून परत आला नव्हता. "चांगल्या घरी दिलेली पोर आन् माझं काम, माघारी येत न्हाई," असं तो वर्षातून एकदा, म्हणजे खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर म्हणायचा. त्यावर त्याची बायको मंगल दर वर्षी म्हणायची, "पोरी येत्यात की दिवाळीला." लेक शिवानी खरंच दर दिवाळीला यायची, त्यामुळे चिमाजी प्रसाद वाटायला उठायचा.

या भागात त्याच्यासारख्याला काम कमी पडणं शक्य नाही. पुण्याच्या माणसाला शनिवार-रविवारी डोंगर बघायचा असतो, आणि तो बघत बसायला जागा व्हावी म्हणून आधी थोडा डोंगर खणावा लागतो. पानशेतपासून भोरपर्यंत कुठं बंगल्याचा पाया, कुठं रस्ता, कुठं शेततळं असं सारखं चालू असतं. वर दोन हात माती, मग मुरूम, आणि मुरमाखाली आपला काळा कातळ. हा कातळ कुणाचं ऐकत नाही. नवी कोरी बकेट लावा, महिन्यात तिचे दात बोथट आणि कोपरे गोल. मग मालक ती टेम्पोत टाकून चिमाजीकडं आणतो. चिमाजी झिजलेला भाग गॅसनं कापून काढतो आणि तिथं हार्ड प्लेट बसवतो. ही प्लेट दिसायला साध्या पत्र्यासारखी, पण झिजायला तिप्पट हट्टी. मात्र नखरेल. जोडायच्या आधी तिला गॅसनं बेतानं तापवावी लागते. किती तापली ते बघायला चिमाजी एका खास खडूनं तिच्यावर रेघ ओढतो. रेघ वितळली की पुरे. जोडकामाचे रॉड पेटीत भाजून कोरडे करावे लागतात. आणि जोड झाला की तिला आपली आपण, सावकाश निवू द्यावी लागते. यातलं एक जरी चुकलं तरी वरून काही दिसत नाही, पण आतून तडा जातो.

हे सगळं चिमाजी पुण्यात एका गॅरेजवर शिकला. लोखंडाची ओळख मात्र घरचीच. त्याचा बाप गेनबा हा वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या एका गावचा लोहार. आसपासच्या बारा गावांचे फाळ, पहारी, कुदळी, कोयते त्याच्याकडं शेवटायला यायचे. बोथट झालेलं टोक भट्टीत तापवायचं, ठोकून पुन्हा धारेला आणायचं, आणि शेवटी त्याला पाणी द्यायचं. लोहाराचं सगळं कसब या पाण्यात. तापलेली धार नेमक्या क्षणी पाण्यात गेली तर ती दगडाला भीत नाही. घाई केली तर काचेसारखी तुटते, उशीर केला तर शिशासारखी वाकते. वेल्ह्याच्या खोऱ्यात म्हातारी माणसं अजून म्हणतात, "कुऱ्हाड घ्यावी तर गेनबाच्या पाण्याची."

आता घरातली गोष्ट घरात ठेवायची असते, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. गेनबाचं पाणी हे गेनबाचं नव्हतंच. गेनबा घण मारायचा, आकार द्यायचा, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. पण धारेवर चढणारा रंग ओळखून हात हलवायला जी नजर लागते, ती त्याच्याकडं नव्हती. ती त्याच्या बायकोकडं होती, बनाबाईकडं. आणि त्या घरची रीत अशी, की पाणी देताना परक्यानं बघू नये आणि देणाऱ्यानं बोलू नये, नाहीतर धारेला दृष्ट लागते. म्हणून त्या वेळी गेनबा सगळ्यांना भट्टीबाहेर काढायचा. पोरंसुद्धा बाहेर, आत फक्त तो आणि बनाबाई. बाहेरच्यांना नुसता 'चर्रर्र' असा आवाज यायचा, आणि मग गेनबा कुऱ्हाड घेऊन हसत बाहेर यायचा. लोक त्याची पाठ थोपटायचे. बनाबाईला त्याचं काही वाटायचं की नाही, हे कुणी तिला विचारलं नाही.

पुढं बाजारात तयार हत्यारं आली, बलुतं बंद झालं, चिमाजी फाट्यावर आला. बारा वर्षांमागं गेनबा गेला. बनाबाई थंड भट्टीशेजारी एकटीच राहिली. "मला फाट्यावर करमत न्हाई," म्हणायची. यंदाच्या शिमग्याला मात्र तिचा गुडघा बसला, आणि चिमाजीनं तिला टेम्पोत घालून दुकानामागच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं. वय अठ्ठ्याहत्तर, तोंडात एक दात नाही. साऱ्या तालुक्याचे दात बसवणाऱ्याच्या आईचं तोंड रिकामं, अशी चेष्टा शेजारचा पंक्चरवाला करायचा. बनाबाई म्हणायची, "कवळी नगं. ती बोलताना माझ्याआधी बोलती."

फाट्यावर तिला एकच दुःख होतं. तिला कुणी काही करू देत नव्हतं. झाडू हातात घेतला की मंगल म्हणायची, "आत्याबाई, तुमी बसा." भांडी घासायला गेली की, "बसा." मंगलच्या मनात काडीचं वाईट नव्हतं, पण ज्या बाईनं पन्नास वर्षं भाता ओढला तिला दिवसभर 'बसा' ऐकायला लागणं म्हणजे शिक्षाच. मग ती शेडच्या कोपऱ्यात पोतं टाकून बसायची आणि लेकाचं काम बघत राहायची.

चैत्रातल्या एका सकाळी कुमारचा टेम्पो शेडपुढं थांबला. कुमार वेल्ह्याकडचा शेतकऱ्याचा पोरगा, एक पोकलेन बाळगून होता. सध्या त्याचं मशीन डोंगरावरच्या धनगरवस्तीत गुरांसाठी तळं खणत होतं. तिथला झरा चैत्रात आटतो, आणि मग गुरांना पाणी पाजायला दीड तास खाली उतरावं लागतं. टेम्पोत मागं बकेट होती आणि पुढं, कुमारच्या शेजारी, डोक्याला पटका बांधलेला सोनबा. वस्तीतला सगळ्यात जाणता माणूस.

"मिस्त्री, मुरूम संपला आन् खाली कातळ लागला," कुमार म्हणाला. "दोन्ही कोपरं खाऊन टाकलं बघा. आन् अक्षयतृतीयेला मशीन पानशेतला जानार. तिकडं शब्द दिलाय. तवर तळं झालं न्हाई तर मग पुढल्या साली."

"पुढल्या सालापत्तर गुरं थांबत्यात व्हय?" सोनबा म्हणाला. तेवढ्यात त्याला कोपऱ्यातली बनाबाई दिसली. "आरं, ही तर गेनबाची मालकीन! वैनी, वळखलं का?"

"न वळखाया काय झालं, भावजी? तुमची कुऱ्हाड दर दिवाळीला यायची."

"आजबी हाय ती घरात. गेनबाचं पाणी! असा मानूस पुन्हा व्हनार न्हाई." सोनबानं हवेत हात जोडले. बनाबाईनं पदर सारखा केला आणि बोळक्या तोंडानं हसली.

दोन दिवस चिमाजीनं ते काम केलं. दोन्ही कोपरे कापले, नवी प्लेट मापात बसवली, तापवली, जोडली, वर झीज थांबवायला कडक रॉडची जाळी भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी हत्यारं ठेवली, वारा लागू नये म्हणून बकेटपुढं पत्रा आडवा केला आणि मंगलला सांगितलं, "आपोआप निवू दे. कुणी हात लावू नका." मग नवरा-बायको आत जेवायला गेले. संध्याकाळी बकेट वस्तीवर गेली.

तिसऱ्या दिवशी कुमारनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. बारा सेकंदांचा. डावा कोपरा पार निखळून पडलेला, उजव्याला बोटभर लांब चीर. आणि मागून सोनबाचा आवाज, "गेनबाच्या पोराचं काम हाय व्हय ह्ये?"

चिमाजीनं तो व्हिडिओ सात-आठ वेळा बघितला. कोपरा त्याला एकदाच दिसला, आवाज मात्र दर वेळी ऐकू आला.

बकेट परत आली. तीस वर्षांतलं पहिलं माघारी आलेलं काम. चिमाजीनं चिरेवर बोट फिरवलं. जोड जागच्या जागी होता, तडा त्याच्या कडेकडेनं, प्लेटीच्या अंगात गेला होता. प्लेट तीच, नेहमीच्या दुकानातून आणलेली. रॉड भाजलेले. खडूची रेघ वितळलेली त्यानं स्वतः बघितली होती. बघितली होती ना? सहा महिने त्याला दिव्याभोवती कडं दिसत होतं, सुईत दोरा ओवता येत नव्हता, आणि हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. रेघ वितळली असं नुसतं वाटलं असेल तर?

"डोळं गेलं माझं," त्यानं मंगलला सांगितलं. "आता शेवटचं करून बघतो. ह्ये जर परत आलं तर शेडला कुलूप. नट-बोल्ट इकत बसंन."

"अवं, आधी डॉक्टरला दाखवा की."

"दाखवून काय? तो व्हय म्हनला की संपलंच."

कोपऱ्यातून बनाबाईनं विचारलं, "काय झालं रं चिमा?"

"काय न्हाई आये. तू बस."

कुमार तसा भला पोरगा. तो म्हणाला, "मिस्त्री, एक डाव तुमाला देतो. पुण्याला टाकली तर बारा दिस नंबर लागत न्हाई, म्हंजे तळं गेलंच. पन ह्या बारीला तुटली, तर माझा बी इलाज न्हाई." चिमाजीनं मान हलवली. कधी नव्हे ते त्याला कुणीतरी 'एक डाव' देत होतं, आणि ते त्याला तुटलेल्या कोपऱ्याहून जास्त लागलं.

या वेळी तो इतका सावकाश काम करत होता, की पंक्चरवाला दोनदा येऊन बघून गेला. एकाच्या जागी तीन रेघा ओढायचा, मंगलला हाक मारायचा, "वितळली का बघ." मंगल म्हणायची, "वितळली." मग गॅस बाजूला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता शेवटचा रॉड संपला. चिमाजीनं पत्रा आडवा केला आणि डोळ्यांची आग थांबवायला मागच्या पिंपापाशी तोंड धुवायला गेला. तोंडाला साबण लावला आणि आवाज आला.

चर्रर्र.

हा आवाज त्यानं चाळीस वर्षांत ऐकला नव्हता, पण ओळखायला त्याला क्षण लागला नाही. तसाच, साबणासकट, तो शेडमध्ये धावला. बकेटच्या डाव्या कोपऱ्यावरून वाफ निघत होती. शेजारी बनाबाई उभी, हातात रिकामा तांब्या, कमरेला पदर खोचलेला. त्याला बघताच तिनं तोंडावर बोट ठेवलं. बोलू नकोस, दृष्ट लागेल.

आणि गंमत बघा, सत्तावन्न वर्षांचा चिमाजी मिस्त्री गप्प उभा राहिला. लहानपणची सवय, दुसरं काय.

बनाबाई दुसरा तांब्या भरायला वळली तेव्हा कुठं तो भानावर आला. मग त्याच्या डोक्यात एक-एक गोष्ट लागत गेली. कडेकडेनं गेलेला तडा. मागच्या वेळची जेवायची वेळ. म्हणजे प्लेट बरोबर होती. रॉड बरोबर होते. रेघ वितळली होती आणि ती त्याला बरोबर दिसली होती. डोळे बरोबर होते! चिमाजी हसायला लागला. साबण तोंडात जाईस्तोवर हसला.

"हसतोस काय मेल्या? आता लागली का न्हाई दृष्ट?" बनाबाई चिडली. "तुझं ध्यानच नसतं. समदं करतोस आन् पानी द्यायचंच इसरतोस. तुझा बा बी असाच. मागल्या बारीला बी इसरलास, तवा बी म्याच दिलं. तू बसलास जेवाया."

आवाज ऐकून मंगल आली होती. तिनं तांब्या बघितला, वाफ बघितली, आणि कपाळाला हात लावला. "आत्याबाई! म्हंजे ते कोपरं तुमीच—"

"मंगल," चिमाजी म्हणाला, "चहा टाक."

त्याचं हसू थांबलं होतं. बनाबाई तांब्या धरून उभी होती, आणि महिन्याभरात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी केल्याचं समाधान होतं. बकेट का परत आली हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणखी काही काम निघालं असेल, असं तिला वाटलं होतं. महिनाभर ती फाटकांना, ट्रॉलीच्या हुकांना, सगळ्यांना चोरून पाणी देत आली होती. साध्या लोखंडाला त्याचं सोयरसुतक नसतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आता या बाईला सांगायचं कसं, की बारा गावांत नावाजलेल्या तिच्या पाण्यानंच लेकाचं काम मोडलं? चिमाजीला ते जमेना.

तो तिच्या पोत्यावर बसला, तिलाही बसवलं. पुण्यात शिकताना गॅरेजच्या साहेबानं फळ्यावर लोखंड तापण्या-निवण्याचा मोठा तक्ता काढला होता, तो त्याला आठवला. त्याचा इथं काही उपयोग नव्हता.

"आये, शिवानी झाली तवा मंगलला तू किती दिस गार पान्यात हात घालू दिला न्हवता?"

"सव्वा म्हैना. का रं?"

"आन् घातला असता तर?"

"घातला असता तर? आरं, बाळंतिनीचं अंग भाजून निघालेलं असतंय. गार लागलं की वात भरतो. वरनं धडधाकट दिसती, पन आतनं बाई खिळखिळी व्हती."

"ही प्लेट तशीच हाय. हिला पानी कारखान्यातच दिलेलं असतं. म्या जोड देताना तिला भाजून काढतो. मग शेकत-शेकत निवू द्यायचं. गार पानी पडलं की आतनं तडकती."

बनाबाईनं तांब्या खाली ठेवला. तांब्याकडं बघितलं, ओल्या कोपऱ्याकडं बघितलं. "मग ह्यो कोपरा?"

"ह्यो म्या परत करतो. तासाभराचं काम." काम दिवसभराचं होतं.

"आन् ह्ये आधी सांगाया काय झालं व्हतं तुला?" बनाबाई उठली. गुडघा धरून, पण उठली. "मंगल! चुलीतली राख आन. समदी आन. आन् पोती, आन् माझी जुनी गोधडी. पत्रा कसला लावतोस? पत्र्यानं शेक मिळतो व्हय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डावा कोपरा पुन्हा जोडून झाला, तेव्हा बनाबाई तयारच होती. आधी हातभर राख, वर पोती, वर गोधडी. शेजारी आपलं पोतं टाकून ती बसली. या वेळी तिला कुणी 'बसा' म्हटलं नव्हतं.

पाच वाजता कुमार टेम्पो घेऊन आला. घाईत होता. गोधडी पांघरलेली बकेट बघून त्याला काही कळेना. "ह्ये काय? मिस्त्री, दोन बादल्या गार पानी मारा आन् द्या की."

"मुडद्या, बाळंतिनीवर पानी मारतोस?" बनाबाई अंगावर आली. "सकाळी ये."

कुमारनं चिमाजीकडं बघितलं. चिमाजीनं हात वर केले. कुमार तीन कप चहा प्यायला, बनाबाईचं मन वळतंय का ते बघितलं, आणि रिकामा टेम्पो घेऊन गेला. सकाळी बनाबाईनं राख बाजूला सारली, तळहात कोपऱ्यावर टेकवला, जरा वेळ तसाच ठेवला. "निवली," ती म्हणाली. "न्या आता."

त्यानंतर व्हिडिओ आला नाही. चार दिवस गेले, आठ गेले. चिमाजी फोन वाजला की दचकायचा, मग दचकायचा थांबला. दरम्यान मंगलनं त्याला ओढून डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. मोतीबिंदूची सुरुवात आहे, वर्षभर काही करायला नको, असं डॉक्टर म्हणाला. चिमाजी येताना जिलेबी घेऊन आला. पण घरात जिलेबी कुणी नीट खाल्ली नाही, कारण बनाबाई खात नव्हती. बकेट गेल्यापासून ती शेडमध्ये आली नव्हती. आत भिंतीकडं तोंड करून पडायची. गुडघा दुखतो म्हणायची.

अक्षयतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सोनबा एसटीनं आला. एका हातात लोण्याचं गाडगं, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी.

"चिमाजी, तळं झालं! मशीन पानशेतला बी गेलं. कातळ असा फोडलाय, असा फोडलाय! कोपरं हायेत तसं. खालनं पाझर लागलाय, काल गुरांनी तोंड घातलं." म्हातारा उभ्याउभ्याच सांगत होता. मग त्यानं फडकं सोडलं. आत कुऱ्हाड होती, दांडा काळा पडलेला, धारेचा एक तुकडा उडालेला. "तळ्याच्या कडंचं खोड तोडताना दगडावर बसली. चाळीस वर्सांची हाय. म्हनलं गेनबा तर न्हाई, पन पोरगा हाय. तुला येतं का तसं पानी?"

"मला न्हाई येत," चिमाजी म्हणाला. घरातली गोष्ट पन्नास वर्षं घरात राहिली होती. "बाबालाबी येत न्हवतं."

"काय बोलतोस?"

"पानी आईचं व्हतं, सोनबा तात्या. तुमी ज्याला गेनबाचं पानी म्हनता ना, ते समदं बनाबाईचं पानी हाय. पयल्यापासनं."

मागच्या दारात हालचाल झाली. बनाबाई चौकटीला धरून उभी होती.

"गप," ती म्हणाली. "गेलेल्या मानसाचं नाव घालवू नगं. आन् माझ्या पान्याचं कवतिक सांगू नगं. ते कोपरं पयल्या बारीला म्याच तोडलं. व्हय ना, चिमा? पडल्या-पडल्या समदं ध्यानात आलं माझ्या."

चिमाजीला खोटं बोलता आलं असतं. रॉड ओले होते म्हणाला असता तर तिनं मानलंही असतं. "व्हय आये," तो म्हणाला. "तूच तोडलंस."

"आन् मला सांगितलं न्हाईस."

"न्हाई सांगितलं. ज्या पान्यावर आमी ल्हानाचं मोठं झालो, ते वाया गेलं असं माझ्या तोंडातनं निघंना." त्यानं कुऱ्हाड उचलली आणि तिच्यापुढं धरली. "ही बाळंतीन न्हाई, आये. हिला पानी लागतंय. आन् ते देनारं तुझ्यावाचून हितं कुनी न्हाई."

बनाबाईनं कुऱ्हाडीची धार अंगठ्यानं चाचपली. मग तिनं गॅसच्या नळीकडं असं बघितलं, जसं चांगली सुगरण कच्च्या पोळीकडं बघते. "त्या फुसफुशानं व्हनार न्हाई. तीन विटा मांड. कोळसं आन."

तीन विटांची भट्टी झाली, पंक्चरवाल्याचा हवेचा पाइप भात्याच्या जागी आला. चिमाजीनं धार ठोकून आकाराला आणली. कुऱ्हाड पुन्हा लाल झाली, आणि बनाबाईनं पदर खोचला.

"भावजी, भाईर व्हा," ती सोनबाला म्हणाली. "मंगल, तू बी."

दोघं चिंचेखाली गेले. चिमाजीही लहानपणच्या सवयीनं हातोडा ठेवून निघाला.

"तू कुठं चाललास?"

"तूच म्हनलीस भाईर व्हा."

"परक्यांनी. तुला आता सत्तावन्न झाली, कवा शिकनार? हितं बस. धारंवर नजर ठेव. बोलू नगं."

चिमाजी तिच्या गुडघ्याशी उकिडवा बसला. तिनं धार बोटभर पाण्यात बुडवून काढली, विटेच्या तुकड्यानं घासून उजळ केली आणि त्याच्या डोळ्यांपुढं धरली. मागची धग हळूहळू पुढं सरकायला लागली. आधी काहीच नव्हतं. मग उजळ पोलादावर फिकट पिवळा रंग उगवला, गव्हाच्या काडीसारखा, त्याच्यामागं तांबूस, आणि अगदी मागं जांभळ्या रंगाची बारीक कड. बनाबाईनं भुवई उचलून लेकाकडं बघितलं. दिसतंय का?

चिमाजीनं मान हलवली. त्याला सगळे रंग दिसत होते, अगदी स्वच्छ. जांभळी कड धारेला टेकली तशी त्यानं आईचं मनगट हलकेच खाली दाबलं, आणि तिनं हात दाबू दिला.

चर्रर्र.

बाहेर सोनबा मंगलला म्हणाला, "बनाबाईचं पानी."

आत दोघंही काही बोलले नाहीत.